बिल्ला नसलेल्या प्लेटलेट्स

बाळाच्या अंगावर सात लाल ठिपके होते, आणि दाबून पाहिले तरी ते जात नव्हते.

ते पहिल्यांदा सावनीने पाहिले. सावनी अकरा वर्षांची होती. बाळ तिचा सख्खा भाऊ, वय दोन दिवस, अजून नाव नसलेला. आई त्याला घेऊन बुधवारी दुपारी घरी आली आणि सावनीने दुपटं बाजूला करून त्याचे कान, पापण्या आणि पोट नीट पाहिलं.

"आत्या, याला काहीतरी झालंय. कानावर बघ."

"डास चावले असतील," आत्या म्हणाली. बाळंतपणासाठी ती मुद्दाम राहायला आली होती आणि घराचा सगळा कारभार तिने हाती घेतला होता.

"दवाखान्यात डास?"

"फार बोलतेस हं तू."

गुरुवारी सकाळी ठकूबाई आल्या. गावातल्या निम्म्या बाळांना त्यांनी न्हाऊ-माखू घातलं होतं. त्यांची एक रीत होती. तेलाला हात लावण्याआधी बाळाला उजेडात धरून नखशिखांत पाहायचं. त्यांनी पाहिलं. एका ठिपक्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. मग तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"म्या तेल लावनार न्हाई आज. आदी डॉक्टरला दाखवा. दाबल्यावर लाली जाया पायजे. ही जात न्हाई."

"तीस वर्षं मालिश करता आणि बाळाला घाबरता?" आत्या हसली.

"तीस वर्सं करते म्हनूनच घाबरते," ठकूबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. संध्याकाळी मांडीवर निळा डाग दिसला तेव्हा आत्या शेजारच्या काकूंना ठामपणे सांगत होती, "त्या बाईनेच दाबलं असणार. हात किती राकट आहेत बघा ना!"

"तिने हातच लावला नाही!" सावनी ओरडली. "एक बोट फक्त!"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

आई अंथरुणावर पडून होती. ती काहीच बोलली नाही. घरात पाहुणे आले की ती अशीच गप्प होत असे.

शुक्रवारी सकाळी बाळाच्या बेंबीतून रक्त येऊ लागलं आणि थांबेना.

चालक नसलेली रुग्णगाडी नऊ मिनिटांत आली आणि बाळासह आई, आत्या, सावनी सगळ्यांना घेऊन गेली. रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात कणाद होता. कणाद म्हणजे छताच्या रुळावरून सरकणारा, चार बारीक हातांचा यंत्रमानव. त्याने बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घेतला आणि क्षणात सांगितलं, "प्लेटलेट्स अठरा हजार. दीड लाखाच्या वर हव्यात."

"प्लेटलेट्स म्हणजे?" सावनीने विचारलं.

"रक्तातल्या अतिशय लहान चकत्या (मराठीत बिंबाणू). रक्तवाहिनीला भोक पडलं की त्या धावत जाऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. त्या कमी पडल्या की कातडीखाली रक्त झिरपतं. ते ठिपके म्हणजे झिरपलेलं रक्त. म्हणून दाबून जात नाहीत. मेंदूत झिरपलं तर बाळाला धोका आहे."

मग कणादने मोठ्यांना विचारलं, "बाळाला मालिश झाली होती का?"

"झाली ना!" आत्या म्हणाली.

भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : डाग मालिशच्या इजेमुळे, शक्यता एकाहत्तर टक्के.

"खोटं आहे!" सावनी म्हणाली. "मालिश झालीच नाही. ठिपके बुधवारपासून आहेत. मी पाहिलेत. लिही."

"बारा वर्षांखालील व्यक्तीचा जबाब मी नोंदवत नाही."

"म्हणजे खरं काय ते नाही बघत तू! कोण किती मोठं तेवढंच बघतोस!"

कणाद रुळावरून पलीकडे सरकला. दुपारी बाळाला रक्तपेढीतल्या प्लेटलेट्स दिल्या, संध्याकाळी आकडा चोवीस हजार झाला आणि आत्याने देवाला हात जोडले. शनिवारी सकाळी बाबा परगावाहून पोचले तेव्हा तो पंधरा हजार होता. दिल्या होत्या त्यासुद्धा गेल्या.

"मालिशची इजा आहे ना?" सावनीचा आवाज चिरकला. "मग आज कोण मालिश करतंय याला? सांग ना!"

"हा प्रश्न बरोबर आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

त्या डॉ. इरावती मोघे होत्या. वरच्या मजल्यावर त्यांची रक्ताच्या संशोधनाची प्रयोगशाळा होती. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, केस पांढरे, आणि चेहरा असा की वॉर्डातल्या परिचारिका वाट सोडून उभ्या राहत. त्यांनी पडदा वाचला. मग सावनीला म्हणाल्या, "बुधवारी काय पाहिलंस? सगळं सांग."

सावनीने सांगितलं. ठकूबाईंचंही सांगितलं. मोघेबाईंनी तिथूनच ठकूबाईंना फोन लावला.

"कुठे कुठे होते ठिपके?"

"कानावर, पापनीवर," ठकूबाईंचा आवाज आला. त्यात राग होता. "पापनीवर कोन मालिश करतं, बाई? आनि दाबल्यावर जात नव्हते. म्या सांगितलं तवा कुनी ऐकलं न्हाई. आता माजंच नाव घेत्यात म्हनं."

"तुमचं नाव मी आत्ता पुसते," मोघेबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून कणादकडे वळल्या. "ही बाई माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा नीट बघते. खोड ते एकाहत्तर टक्के! आणि आईबाबांचं रक्त घे."

अर्ध्या तासात उत्तर आलं. मोघेबाई सावनीजवळ बाकावर बसल्या.

"तुमच्या शाळेच्या गणवेशावर बिल्ला असतो?"

"असतो."

"प्लेटलेटवरही असतो. एक खूण. आम्ही तिला प्रतिजन म्हणतो (ज्या खुणेवरून शरीर आपलं-परकं ओळखतं ती). तुझ्या बाबांच्या प्लेटलेट्सवर एक विशिष्ट बिल्ला आहे. बहुतेक सगळ्या माणसांच्या प्लेटलेट्सवर तो असतो. तुझ्या आईच्या प्लेटलेट्सवर तो नाही. त्याने काही बिघडत नाही, तिच्या प्लेटलेट्स उत्तम काम करतात. पण बाळाला बिल्ला बाबांकडून मिळाला. तुलाही."

"मग?"

"तू जन्मलीस तेव्हा तुझ्या रक्ताचे चार थेंब आईच्या रक्तात गेले असणार. आईच्या शरीराने तो बिल्ला पहिल्यांदा पाहिला. परका कोणी शिरला असं समजून त्याने प्रतिपिंडं बनवली (नेमकी एकच खूण ओळखून तिला चिकटणारे कण). तोवर तू बाहेर आली होतीस, तुला काही झालं नाही. मग हे बाळ पोटात आलं. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातातच. ती आईने दिलेली शिदोरी असते, तिच्यामुळे बाळ पहिले काही महिने कितीतरी आजारांपासून वाचतं. या शिदोरीत ही चुकीची प्रतिपिंडंही गेली. ती बाळाच्या प्लेटलेट्सना चिकटली, आणि चिकटलेल्या प्लेटलेट्स शरीर गिळून टाकतं."

सावनीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"खबरदार!" मोघेबाई इतक्या जोरात म्हणाल्या की आत्याही दचकली. "तुझ्यामुळे नाही, आईमुळे नाही, बाबांमुळे नाही. दोष लावायला माणूस शोधणं बंद करा आता. त्यात आपला एक दिवस गेला."

"आमच्या घराण्यात असलं कधी कुणाला झालं नव्हतं," आत्या पुटपुटली.

"बिल्ला तुमच्याच घराण्याचा आहे," मोघेबाई म्हणाल्या.

सावनी विचार करत होती. "रक्तपेढीतल्या प्लेटलेट्सवरही तो बिल्ला होता. म्हणून त्याही गिळल्या?"

"हो."

"मग बिल्ला नसलेल्या द्या!"

"तेच शोधतोय," वरून कणाद म्हणाला. "राज्यातल्या दात्यांची यादी पाहिली. बिल्ला नसलेले दाते पाच. दोघे परदेशात, एक आजारी, दोघांचा फोन लागत नाही. शोध चालू आहे."

काचेपलीकडे बाळ झोपलं होतं. त्याच्या गालावर नवा डाग दिसत होता.

सावनी एकदम उभी राहिली. "आईच्या प्लेटलेट्सवर बिल्ला नाही. आत्ता म्हणालात तुम्ही. मग आईच्या का नाही?"

"नियम सतरा," कणाद म्हणाला. "प्रसूतीनंतर सहा महिने स्त्रीला दाता म्हणून घेता येत नाही. म्हणून मी यादीत धरलं नाही."

"तुझा नियम बाळाला माहीत आहे का रे?"

मोघेबाई उठल्या. "नियम आईच्या तब्येतीसाठी आहे, तो बरोबरच आहे. पण अशा वेळी डॉक्टरांनी आईला तपासून परवानगी द्यायची असते. हे तुला शिकवायचं राहिलं, कणाद, आणि ती चूक माझी." त्या आईकडे वळल्या. "तुमचं हिमोग्लोबिन चांगलं आहे. पण तुम्हाला अशक्तपणा येईल. चालेल?"

आईने बाही वर केली.

"थांबा," सावनी म्हणाली. "आईच्या रक्तात ती चुकीची प्रतिपिंडंही आहेत ना? तीही जातील बाळात!"

मोघेबाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणून धुवायच्या. प्रतिपिंडं असतात रक्तद्रवात (रक्तातल्या पिवळसर पाण्यात). यंत्र आईचं रक्त घेईल, प्लेटलेट्स बाजूला काढेल, बाकीचं रक्त आईला परत देईल. मग त्या प्लेटलेट्स खारट पाण्यात धुवायच्या, जुना रक्तद्रव काढून टाकायचा, आणि त्या बाळाला द्यायच्या."

दोन तासांनी एक छोटीशी पिवळसर पिशवी बाळाजवळ टांगली गेली. सावनी काचेला नाक लावून उभी होती. कोणी बस म्हटलं तरी ती बसली नाही.

संध्याकाळी आकडा आला : ब्याण्णव हजार. रविवारी सकाळी : अठ्ठ्याऐंशी हजार. बेंबीतलं रक्त थांबलं होतं.

"आता टिकतील," मोघेबाई म्हणाल्या. "त्याच्या अंगातली चुकीची प्रतिपिंडं काही आठवड्यांत आपोआप विरतील. मग त्याच्या स्वतःच्या पुरतील."

आत्याने डोळे पुसले. "चला, झालं गेलं गंगेला मिळालं."

"नाही मिळालं," सावनी म्हणाली. "तू ठकूबाईंना काय म्हणालीस ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. आता खरं काय तेही सगळ्या गल्लीला सांग. आधी शेजारच्या काकूंना."

आत्याने पर्समधून फोन काढला आणि व्हरांड्यात गेली. ती हळू बोलत होती, तरी "चुकलं माझं" एवढं ऐकू आलं.

सावनीचा राग तरी गेला नाही. "हे एका थेंबात कळतं, तर आई गरोदर असतानाच का नाही बघितलं?"

"मी अकरा वर्षं हेच विचारतेय," मोघेबाई म्हणाल्या. "दर वेळी उत्तर मिळतं, फार थोड्या बाळांना होतं. ज्या घरात होतं त्यांना विचारा म्हणावं, थोडं म्हणजे किती! पण पुढच्या महिन्यापासून या तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर बाईचा तो थेंब आम्ही तपासणार आहोत. परवानगी मिळालीय. भांडून."

कणाद रुळावरून सरकत आईच्या खाटेपाशी येऊन थांबला. "आपल्यासारख्या प्लेटलेट्स दुर्मिळ आहेत. सहा महिन्यांनंतर आपलं नाव दात्यांच्या यादीत घालू का? असं दुसरं बाळ आलं तर आपल्याला बोलवावं लागेल."

व्हरांड्यातून परतलेली आत्या लगेच म्हणाली, "काही नको गं बाई. परक्या बाळासाठी कशाला सुया टोचून घ्यायच्या?"

चार दिवस आई काही बोलली नव्हती. आता ती उशीवरून उठून बसली.

"वन्सं, पाच माणसं होती यादीत. एकाही माणसापर्यंत पोचता आलं नाही. तेव्हा आपलं बाळ त्या पाच जणांना परकंच होतं ना?" ती कणादकडे वळली. "लिही माझं नाव. फोन नंबरही दोन लिही, एक शेजारच्यांचा."

"कोणत्या वेळी बोलावलेलं चालेल?" कणादने विचारलं.

"बाळाला लागतील त्या वेळी," आई म्हणाली.