रणगोज्याची शेपटी

माणसाने ध्रुव गाठले, शिखरे सर केली, समुद्राचा तळ धुंडाळला. आमची मोहीम याहून बिकट होती. आम्हांला एका पक्ष्याची शेपटी पाहायची होती!

पक्षी मूठभर, मातीच्या रंगाचा, राहतो मातीच्याच रंगाच्या उजाड माळावर. शेपटी मुळापासून काळी असेल तर तो रणगोजा. कडेला पांढरी असेल तर त्याचा कुणी चुलतभाऊ. आणि ही शेपटी तो उडतानाच उघडतो. माझ्या मेव्हण्याने बाराव्या वर्षी तो पाहिला होता. माझ्या सासऱ्यांनी वहीत लिहिले, 'रणगोजा', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. सासरे गेले, प्रश्नचिन्ह राहिले. मेव्हणा आता सत्तावन्नचा आहे.

तीन तास आम्ही माळ तुडवला. गळ्यात कॅमेरा अडकवलेला तो, त्याची ताई म्हणजे माझी बायको, आणि दुर्बिणीची तिपाई वाहणारा मी. काट्यांनी पायजमा फाडला. उन्हाने टाळू तापली. बाटली कधीच रिकामी झाली होती.

"भाऊजी, तिपाई आपटू नका."

"मग तू घे ना खांद्यावर!"

अखेर आमची जीप दिसली. पन्नास पावलांवर सावली, पाण्याचा कॅन! मी धावलो. मेव्हण्याने मागून कॉलर धरली.

"हलू नका!"

जीपच्या आरशावर तो बसला होता. नाकतोडा आपटून आपटून खात होता. शेपटी मिटलेली!

"टाळी वाजवून उडव की," मी कुजबुजलो.

"तेव्हा तेच केलं होतं. बाबा नेमके चष्मा पुसत होते."

आम्ही उन्हात उकिडवे बसलो. नाकतोडा संपला. पक्षी डुलक्या घेऊ लागला. अर्धा तास गेला. माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"कॅमेरा डोळ्याला लाव," ताई उठत म्हणाली. "मला तहान लागलीय."

"ताई, नको!"

ती चालू लागली. दहा पावले. वीस. पक्षी दचकला. झेपावला. शेपटी उघडली! खट्! खट्! खट्!

आम्ही कॅमेऱ्यावर डोकी आपटली. काळी! मुळापासून काळी!

मेव्हण्याने पिशवीतून वडिलांची वही काढली. उभे राहून त्याने प्रश्नचिन्हावर रेघ मारली. मीही, तिपाई खांद्यावर असूनही, ताठ उभा राहिलो.

ताईने कॅन खाली ठेवला, तोंड पुसले आणि हाक मारली,

"झालं असेल तर फडकं घेऊन ये रे. आरसा पुरता घाण केलाय त्याने."