धुरपदाची शीळ

हे घडलं २०२२ च्या मार्चमध्ये. न्हावऱ्याला आमच्या वस्तीवर कांदा काढणी चालली होती. मी सहासष्ट वर्षांची, निवृत्त नर्स, भावाकडे राहायला आले होते.

भाऊ तात्याबा. मेंढरांमागे फिरणं केव्हाच सुटलं होतं. आता ऊस, गाई आणि हौसेपुरती अकरा मेंढरं. त्याची नात प्रांजल पंधरा वर्षांची. दिवाळीपासून तिनं शाळा सोडली होती. अंघोळ टाळायची, समोर नसलेल्या माणसाला उत्तरं द्यायची. दौंडच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं निदान केलं होतं. ते म्हणाले होते, "एवढ्या लहान वयात कमी दिसतो, पण होतो. आवाज तिला खरेच ऐकू येतात. वाद घालू नका, होला हो करू नका. गोळी चुकवू नका."

तात्याबानं गोळ्याच बंद केल्या.

"अक्का, हे दुखणं न्हाई! देव बोलतोय तिच्याशी. रविवारी बिरोबाच्या जत्रंत भाकणूक हीच करणार!"

भाकणूक म्हणजे येत्या वर्षाचं पाऊसपाणी देवाच्या वतीनं सांगणं. अख्खी वस्ती हरखली होती. प्रांजलचा बाप पप्पू तर मला हसला, "आत्या, तुमचं इंजेक्शन ऱ्हाऊ द्या बाजूला!"

दुपारी कांदे निवडताना मी प्रांजलला विचारलं, "काय बोलतं गं ते?"

"बोलत न्हाई, आजी. शीळ घालतं. अशी."

दोन आखूड, एक लांब. लांब शीळ शेवटी फाटलेली, फुटक्या दातातून हवा निसटावी तशी.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

ती शीळ मी १९६५ मध्ये ऐकली होती. भीमेकाठी आमची पालं होती. थोरली बहीण धुरपदा सोळा वर्षांची, पुढचा दात तुटलेला. तिच्या त्या शिळेवर सगळा कळप मागं वळायचा. तिलाही कोणीतरी हाका मारायचं. देवऋषी म्हणाला, वारं आलंय, अडवू नका. एका भर दुपारी ती सरळ नदीत चालत गेली. तात्याबा तेव्हा झोळीत होता. त्याला सांगितलं, बहीण तापानं गेली. मीही तेच सांगत आले. ती शीळ ऐकलेलं आता माझ्याशिवाय कोणी जिवंत नव्हतं.

रविवारी भीमेकाठच्या माळावर ढोल घुमत होते. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झाली होती. मेंढरंही रंगवून आणली होती.

"बोल, पोरी! पाऊस कवा?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

प्रांजलनं मान कलती केली. मी तिच्या ओठांकडेच बघत होते. ते मिटलेले होते.

तरी अकराही मेंढरांनी शीळ ऐकल्यासारख्या एकदम माना वर केल्या. नदीकडे.

प्रांजल चालू लागली. मागोमाग मेंढरं.

"वाट द्या! देव चालला!" लोक ओरडले. भंडारा उधळला.

मी धावले. या गुडघ्यांनी धावले! कमरेएवढ्या पाण्यात तिचा दंड धरला. ती मला ओढत होती.

"तात्याबा! धुरपदा तापानं न्हाई गेली! अशीच गेली! लोक असंच ओरडत हुते!"

ढोल थांबले.

तात्याबा पाण्यात शिरला. नातीला त्यानं मिठीत धरलं.

"एवढी वर्षं बोलली न्हाईस, अक्का?"

मी प्रांजलचा दंड अजून सोडला नव्हता.

"पप्पू, गाडी काढ," तो म्हणाला. "दौंडला."

प्रांजल गेल्या वर्षी बारावी झाली. मध्ये दोनदा दवाखान्यात राहावं लागलं. पप्पूच्या मोबाइलवर तिच्या गोळीचा गजर वाजतो, आणि तो वाजला की हातातली धार सोडून तो उठतो. तात्याबा जत्रेला जातो, पण भाकणुकीच्या वेळी उठून येतो. परवा प्रांजल म्हणाली, "आजी, शीळ पार बंद झाली बघ."

मी आनंदानं रडले.

मेंढरं मात्र रोज भर दुपारी चरायचं थांबून नदीकडे बघतात. त्या जत्रेनंतर जन्मलेली कोकरंसुद्धा.

काल मी ओट्यावर भिंतीला टेकून कांदे निवडत होते. सगळ्या माना एकदम वर आल्या. नदीकडे नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.