दत्तोपंतांचा बदली

होईल हो तुमचं मशीन चालू, विंडोज चढायला वेळ लागतोच. तोवर मंजिरी म्हणून एका गिऱ्हाइकाच्या घरचं ऐका.

तिच्याकडेही मी नवं विंडोज टाकायलाच गेलो होतो. परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, घराच्या समोरच्या खोलीत तिला कम्प्युटर क्लास काढायचा होता. तिथली कापडाची मिल बंद पडून काही वर्षं झाली होती, आणि गल्लीतली पोरं आता ‘भिया, म्हणजे भाऊ, कम्प्युटर सीखना है’ म्हणत फिरत होती. भर दुपार, बाहेर लूच्या गरम झळा, खिडक्या बंद. पलासियाला कम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होतो, तिथून अशी घरं मी रोज करायचो.

माझ्या मागे खाटेवर तिचे वडील, दत्तोपंत, बसले होते. मिलच्या विणकाम खात्यात त्यांचा जन्म गेला आणि मागांच्या खडखडाटाने कान गेले. घरात बाप-लेक दोघंच.

"जेवतच नाहीत आजकाल," मंजिरी हळूच म्हणाली. "म्हणतात, पाळीवर बोलावणं आलंय. त्यांच्याबरोबरचे सगळे तर केव्हाच वारले. हे पण जातील असं वाटतं, हृषीकेश भिया. फार भीती वाटते."

"काही होत नाही हो," मी म्हणालो. मला तेव्हा असल्या गोष्टींचं हसू यायचं. जीभ लांब, अक्कल आखूड!

विंडोज चढलं. मग ड्रायव्हर. एक ड्रायव्हर टाकला की मशीन म्हणतं, रिस्टार्ट करा. दर वेळी स्क्रीन काळी पडते आणि काचेत आपलंच थोबाड दिसतं. पहिल्या वेळी माझ्या थोबाडामागे दत्तोपंतांची बोटं हलताना दिसली.

"कम्प्युटरला आशीर्वाद देताहेत का?"

मंजिरी हसली नाही. "मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही ना. तिथे सगळे हातांनीच बोलायचे, ओठ वाचायचे. मलाही त्यांनी लहानपणी शिकवलंय. पण ते… कुणाला तरी उत्तर देताहेत."

मी साउंड कार्डाचा ड्रायव्हर टाकला. पुन्हा रिस्टार्ट. या खेपेला काळोख जरा जास्तच रेंगाळला. खोलीत तेलाचा आणि कापसाच्या रुईचा कोंदट वास आला. काचेत मी होतो, खाट होती, आणि खाटेमागे माणसं उभी होती. अंगात बनियन, केसांवर रुईचे पुंजके. सगळ्यांचे हात हलत होते. मी गर्रकन वळलो. मागे नुसती भिंत, आणि तिच्यावर खजरान्याच्या गणपतीचं कॅलेंडर.

दत्तोपंत उठून पायाने चपला चाचपडत होते. मंजिरीने त्यांना घट्ट धरलं आणि काचेकडे बघून हात हलवला. नाही, येणार नाहीत. तेवढं मलाही समजलं. काचेतले हात परत हलले.

"काय म्हणतात…?"

उत्तर दत्तोपंतांनी दिलं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "बदली मागतात. माग रिकामा ठेवत नाहीत. आपल्याला जायचं नसेल तर आपल्या जागी दुसरा माणूस द्यायचा. मिलचा कायदाच आहे तो."

मंजिरी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. काचेत तिचा हात वर आला… आणि बोट माझ्या डोक्यावर येऊन थांबलं.

मग विंडोजचे ते ढग उगवले. वास गेला. दत्तोपंत खाटेवर टेकले आणि म्हणाले, "भूक लागली गं."

निघताना मंजिरी दाराशी रडली. "मला दुसरं कुणी नाही हो…" राग आला, खूप आला. पण घरी आईला औषध देताना वाटलं, तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? अजूनही हाच विचार सुटत नाही. दत्तोपंत ठणठणीत आहेत. नाराज व्हावं तर कुणावर?

रिस्टार्टच्या वेळी मी डोळे मिटून घेतो. परवा सियागंजात एका दुकानात मिटायचे राहिले. ती हातांची भाषा मला कुणी शिकवलेली नाही, देवाशपथ. तरी काचेतली माणसं काय म्हणतात ते सगळं कळलं. आणि माझा हात आपोआप उठला, उत्तर द्यायला.

म्हणून म्हणतो, मशीन आता बंद होऊन चालू होईल, तेवढा वेळ माझ्या शेजारी बसू नका. जरा बाहेर उभे राहा. त्यांना बदली चालतो… आणि माझ्या हाताचा मला आता भरवसा नाही.