दोन निळ्या बॅगांची एक गाठ

सुभद्राबाईंनी बॅगेची चेन उघडली आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कपड्यांखाली सरकवली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, थे बॅग आमची हाये."

"असं कसं?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "गाठ माही हाये."

मागचा माणूस हळूच म्हणाला, "गाठ तुमचीच हाये... पण बॅग आमच्या नातवाची, पियुषची."

अकोल्याच्या जठारपेठेतल्या शाळेत त्या दिवशी नुसती धांदल होती. अकोल्याची आणि अमरावतीची मिळून बावीस मुलं उन्हाळ्याच्या सुटीत बारा दिवस जपानला निघाली होती. वर्षाली मॅडम घरच्यांना बजावत होत्या – पासपोर्ट गळ्यात, लोणचं नको, बियाणं नको. बॅगा सगळ्यांच्या सारख्याच, निळ्या. मॅडमनी लाल फितीही वाटल्या होत्या. बाकीच्यांनी फितीची फुलं बांधली. सुभद्राबाईंनी नात खुशीच्या बॅगेला दुहेरी गाठ मारली, शेपूट आत खोवलेली.

आणि तश्शीच गाठ या बॅगेला.

त्या वळल्या. केस पांढरे झाले होते, पण डावी भुवई अजून तशीच वर चढत होती.

"खुशालराव..."

पंचेचाळीस वर्षांपूर्वी धामणगावच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीला फुलांची गाठोडी चढायची. ओल्या धोतराच्या फडक्यातला झेंडू सुभद्राच्या बापाचा, शेवंती खुशालच्या घरची. सुभद्राला अक्षर येत नव्हतं, म्हणून गाठ हेच तिचं नाव. तरी दर चार दिवसांनी गाठोडी बदलायची... आणि ती तणतणत खुशालच्या मळ्यात जायची. विहिरीवर तो हसत ओंजळीत पाणी द्यायचा, ती रागातच प्यायची. मग तिचं लग्न अकोल्याला झालं, तो अमरावतीला गेला. आता दोघांचेही जोडीदार राहिले नव्हते.

"माही गाठ कधी शिकले तुमी?" चहाचा कप हातात घेत त्यांनी विचारलं.

"तवाच. चोरून पाहून."

"काहून?"

"गाठोडं बदललं म्हंजे तुमी बदलाले येत होत्या." खुशालरावांनी कपात पाहिलं. "दुसरं काही सुचत नव्हतं मले."

सुभद्राबाईंना हसू आवरेना. "अन् मी इतके वर्सं समजत होती, की तुमचं ध्यानच नसते."

"ध्यान होतं. जरा जास्तच होतं..."

सुभद्राबाईंनी चटणी परत मागितली नाही. खुशालरावांनीही दिली नाही.

संध्याकाळच्या बसने खुशालराव गेले. शाळेच्या यादीत त्यांचा फोन नंबर होता. सुभद्राबाईंनी तो कितीदा तरी वाचला – चार वर्षांपूर्वी खुशीनेच त्यांना अक्षरं, आकडे शिकवले होते. पण या वयात बाईमाणसानं फोन करायचा, तो कोणतं कारण सांगून? मुलं परत आली, की सगळंच संपणार होतं.

बारा दिवसांनी सकाळी मुंबईहून बस आली. अकोल्याची मुलं इथं उतरणार, बाकीची पुढे अमरावतीला. झोपाळलेली खुशी आजीच्या खांद्यावर टेकली. "आजी, चटणी पियुषनं सगळ्यांले वाटली."

बसच्या पोटात दोन बॅगा शेजारीशेजारी होत्या. दोन्हींना तीच गाठ. सुभद्राबाईंनी चष्मा लावला. एका पट्टीवर खु...शी. दुसरीवर पि...यु...ष. पुन्हा एकदा वाचलं. चूक नव्हती.

"कोणती काढू, आजी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"थे," त्यांनी बोट दाखवलं. "पलीकडची."

खुशीची बॅग घेऊन बस अमरावतीकडे निघून गेली. घरी आल्यावर सुभद्राबाईंनी चहा टाकला आणि फोन समोर ठेवून बसल्या.

अकराला वाजला.

"सुभद्रा..." बाई म्हणायचं तो विसरला होता. "बॅग बदलली वाटते."

"वाटते खरी."

"पट्टीवर नाव होतं न? तुमाले तं आता वाचता येते म्हणे, पियुष सांगत होता."

"येते," त्या म्हणाल्या. "चांगलं येते."

पलीकडे तो हसला – अगदी विहिरीवरच्यासारखा.

"मंग बदलाले कवा येता?"

"मी लय चकरा मारल्या, खुशालराव. या खेपेले तुमी या."