पांदणीतून निघणारी गाडी

गाडीखाली वाकून तिनं पाहिलं, तर पलीकडून कुणीतरी तिच्याकडेच पाहत होतं.

वर्षाली दचकली. नालवाडीच्या त्या जुन्या गाड्यांच्या आवारात एका पांढऱ्या जीपचा तळ गंजला आहे का, ते पाहायला ती गुडघ्यांवर बसली होती. एका हातात ओढणी गोळा केलेली, गाल जवळजवळ जमिनीला टेकलेला... आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला, तसाच आडवा झालेला एक चेहरा. सावळा, दाढी थोडी वाढलेली, कपाळावर ग्रीसचा ठिपका.

"ओ भाऊ, ही गाडी मी पाहून राह्यली," ती म्हणाली.

"पाहा ना. मी गाडी नाई पाहून राह्यलो."

"मंग काय पाहून राह्यले?"

तो गडबडला. "माहा पाना... घरंगळत आला इथी. तुमच्या हाताखाली हाये."

खरंच होता. तिनं तो गाडीखालून त्याच्याकडे सरकवला. त्यानं घेतला, पण उठला नाही.

"एक सांगू काय? ही घेऊ नका. तळाले काळा रंग मारला, तो ताजा—"

"दिसला मले." तिनं बोट पुढं केलं. नखात काळा रंग आणि त्याखालचा तांबडा गंज दोन्ही अडकले होते. "खरडून पाह्यलं."

तो हसला. गाडीखालच्या अंधारात त्याचे दात तेवढे उजळले, आणि वर्षालीला उगाचच वाटलं, आता उठायला हवं.

त्याचं नाव अंकुश. पुलगावात जुन्या फोर बाय फोर गाड्या दुरुस्त करायचा. इथं एका गाडीचा सुटा भाग काढून न्यायला आला होता. बोलताना तो समोरच्याकडे न पाहता हातातल्या पान्याकडे पाहायचा.

"कोणाच्या कामासाठी पायजे गाडी?"

"माह्या. अल्लीपूरले वावर हाये आमचं. भाजीपाला."

"मी पाहीन एखादी. घाई हाये काय?"

"नाई," वर्षाली म्हणाली. "काही घाई नाई."

घाई होती. रूपरावांचं, तिच्या बाबांचं, वावर नाल्याच्या पलीकडं होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर, दोडके — माल चांगला निघायचा, पण सडकेपर्यंत आणायचा तर मध्ये पांदण होती. काळ्या मातीची ती वाट पावसात अशी चिकट व्हायची की पाय वर यावा आणि चप्पल खालीच राहावी. भाड्याचा टेम्पो रुतला, पुन्हा रुतला, मग त्याचा मालक फोनही उचलेना. मागच्या पावसाळ्यात मेथीच्या जुड्या बांधावरच पिवळ्या पडल्या. रूपरावांचे गुडघे गेलेले, मुलगा पुण्यात नोकरीला, वावर पाहणारी एकटी वर्षाली.

"पोळ्यापर्यंत पांदणीतून निघणारी गाडी भेटली त ठीक," ते म्हणाले होते. "नाई त मी वावर दुसऱ्याले मक्त्यानं देतो, आन् तू जाय पुण्याले भावाकडं."

नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. जुनीच, पण चारही चाकांनी ओढणारी आणि रोज सकाळी बिनतक्रार सुरू होणारी हवी होती. अशी गाडी सहज मिळत नाही, हे वर्षालीला ठाऊक होतं. मग 'घाई नाई' का म्हणाली ती? घाई आहे म्हटलं तर हा माणूस मिळेल ती पहिली गाडी दाखवून मोकळा होईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. ती समजूत पुरती पटली मात्र नाही.

आषाढ सरत आला होता. दर रविवारी ते कुठंतरी गाडी पाहायला जात — कधी हिंगणघाटला, कधी वर्ध्याला, कधी पुलगावच्या एखाद्या अंगणात. ती बसनं यायची, तो त्याच्या मोटारसायकलवर आधीच येऊन उभा असायचा. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर हात ठेवून पाहायचं, हे त्यानं सांगितलं. बोनेट गरम लागलं तर मालकानं इंजिन आधीच तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुर करत असणार. तेव्हापासून दोघंही आधी बोनेटवर तळहात ठेवायचे. शेजारी शेजारी. इंजिन थंड आहे हे एका क्षणात कळायचं... हात मात्र थोडे जास्त वेळ तिथंच राहायचे.

"थंड हाये," तो म्हणायचा.

"हाव. थंड हाये," ती म्हणायची.

आणि अशा गाडीचं मुख्य गुपित त्यानं तिला हिंगणघाटला शिकवलं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध बोटांनी फिरवायची एक चकती असते. चिखलात शिरण्याआधी खाली उतरून दोन्हीकडच्या चकत्या फिरवल्या, की पुढची चाकं इंजिनाला जोडली जातात.

"एकच फिरवली त?"

"त काही उपेग नाई. पुढचा सारा जोर सुट्या चाकातून वाया जाते."

त्या दिवशी एका बाजूची चकती तिनं फिरवली, दुसऱ्या बाजूची त्यानं. गाडीचा गिअर मात्र सटकत होता. ती गाडी गेली.

आठवडाभर त्याचे फोटो यायचे मोबाइलवर. टायरचे, सायलेन्सरचे, कुठल्याशा गाडीच्या तळाचे. खाली एक ओळ, 'हे पाहा, ऑइल गळते.' एवढंच. वर्षाली वांग्यांच्या ओळीत उभी राहून ते फोटो मोठे करून पाहायची. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात त्याची सावली पडलेली असायची, एखाद्यात त्याचा अंगठा. ऑइल कुठून गळतंय ते तिला कधीच दिसलं नाही.

सडकेवरून मोटारसायकल गेली की तिची मान आपोआप वर व्हायची. पुलगाव कुठं, अल्लीपूर कुठं... तो कशाला येईल? आणि आला तरी गावात काय सांगायचं, हा कोण म्हणून? गाडी दाखवणारा, एवढीच त्याची ओळख. गाडी मिळाली की तीही संपली.

त्याला 'भाऊ' म्हणणं तिनं कधी सोडलं, ते तिच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या बहुतेक आलं असावं. कारण त्यानंही 'मॅडम' म्हणणं सोडून दिलं होतं, आणि दोघंही एकमेकांना हाक न मारताच बोलायचे.

मग वर्ध्यात एक हिरवी गाडी सापडली. इंजिन थंड, तळ कोरडा, कागद स्वच्छ. अंकुशनं सगळं तपासलं आणि पान्याकडे पाहत म्हणाला, "चांगली हाये."

त्याचा आवाज असा होता, जणू काहीतरी वाईट सांगतोय.

"रंग नाई आवडला मले," वर्षाली म्हणाली.

घरी तिच्या आईनं, विमलाबाईंनी, कपाळाला हात लावला. "रंग! रंग पाहून घेणार हायेस काय गाडी?"

"हिरव्या गाडीतली वांगी कमी भावानं विकतात काय वो?" रूपराव म्हणाले. "पोरी, पोळा आला. माह्या तोंडचा शब्द गेला आता गावात. मक्त्यावाला रोज विचारून राह्यला."

त्या रात्री वर्षालीला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला, तर हिरवी गाडी विकली गेली होती.

पोळ्याच्या आदल्या रविवारी अंकुश स्वतःच गाडी घेऊन अल्लीपूरला आला. पुलगावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची जुनी, करड्या रंगाची गाडी. वर्षानुवर्षं अंकुशनंच सांभाळलेली. रूपरावांचा नियम एकच होता — मालानं भरलेली गाडी नाल्यापासून पांदणीतून सडकेवर आल्याशिवाय विसार द्यायचा नाही. वांग्यांचे क्रेट चढले. रूपराव सडकेवर जाऊन थांबले.

रात्री पाऊस पडून गेला होता. बाभळींवरून अजून थेंब गळत होते. वर्षाली स्टिअरिंगवर बसली.

"चकत्या फिरवाच्या हायेत ना? मी उतरते एकीकडून."

"राहू द्या. चिखल हाये. मी करतो दोन्ही."

तो उतरला, वाकला, पलीकडं गेला, परत येऊन बसला. ती निघाली. नाला ओलांडला, वळण आलं, चढ लागला... आणि मागची चाकं जागीच गरगरू लागली. चिखल काचेवर उडाला. तिनं पुन्हा जोर दिला. गाडी थोडी सरकली आणि आणखी खोल बसली.

तिनं इंजिन बंद केलं. कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"हीही नाई निघत," ती म्हणाली.

"दुसरी पाहू ना... पोळा झाल्यावर. तुमाले कुठं घाई हाये?"

वर्षाली समोरच पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोळ्यानंतर मी नसीन इथी."

"म्हणजे?"

"ही शेवटची गाडी होती. आता बाबा वावर मक्त्यानं देतात. मी पुण्याले जाईन भावाकडं." तिचा आवाज अडखळला. "घाई होती मले. पह्यल्या दिवसापासून होती. सांगतली नाई, एवढंच."

अंकुशचा चेहरा मातीसारखा झाला. हातात आज पानाही नव्हता, पाहायला.

"गाडी चांगली हाये," तो म्हणाला. "मी... डावीकडची चकती फिरवलीच नाई."

"काय?"

"नुसता वाकलो. हात नाई लावला."

"काऊन?"

"ही गाडी घेतली असती तुमी." त्यानं मान खाली घातली. "मंग मी कायच्या नावानं आलो असतो इथी? पुढच्या रविवारी कोण भेटलं असतं मले? मले वाटलं, तुमाले घाई नाई... अजून एक-दोन गाड्या पाहू. बस, एवढंच. तुमचं वावर जाईन, हे माईत असतं त..."

वर्षाली दार उघडून खाली उतरली. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. ती गाडीला वळसा घालून डाव्या चाकाशी वाकली आणि चिखलानं भरलेली चकती दोन्ही हातांनी फिरवली. मग त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा."

"ऐका तर—"

"उतरा म्हणलं ना."

तो उतरला. ती परत जाऊन बसली, गाडी सुरू केली. पुढच्या चाकांनी माती धरली, गाडी एकदा हादरली, आणि वांग्यांचे क्रेट खडखडवत, कुरकुर न करता चढ चढून गेली.

अंकुश तिथंच उभा राहिला. गाडीचा आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला. मग तो चालू लागला. चप्पल चिखलात राहिली. ती काढायलाही तो थांबला नाही. तिचं वावर वाचलं, याचा आनंद होता. पण पांदण संपूच नये, असं त्याला वाटलं. पलीकडं रूपराव असतील. ती असेल, आणि त्याच्याकडे पाहणार नाही.

पुढचं वळण ओलांडलं, आणि तो थबकला. सडक अजून थोडी दूर होती. बाभळीखाली गाडी उभी होती, इंजिन सुरू. वर्षाली कोपर खिडकीबाहेर टेकून मागं पाहत होती.

तो जवळ गेला.

"बाबाले काय सांगू?" तिनं विचारलं.

"सांगा, गाडी एक नंबर हाये. आणणारा खोटा निघाला."

"ते त सांगीनच." तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण डोळ्यांत पाणी होतं. "हिरव्या गाडीचा रंग चांगला होता."

त्याला समजायला एक क्षण लागला. "म्हणजे... तू पण?"

'तू' ऐकून तिनं पापण्या खाली झुकवल्या. वरून एक थेंब तिच्या कोपरावर पडला, तो तिनं पुसला नाही.

"गाडी त घेतो आम्ही," ती म्हणाली. "आता पुढच्या रविवारी काय सांगून येशीन?"

"काही नाई सांगत. वर्षालीले भेटाले आलो, असं म्हणीन. तुह्या बाबासमोर म्हणीन."

"आत्ता म्हणशीन? थे पाह्य, सडकेवर उभे हायेत."

त्यानं सडकेकडे पाहिलं. "हाव," तो म्हणाला. "आत्ता म्हणतो."

तिनं हात लांबवून डावीकडचं दार उघडलं. तो दारापाशी घुटमळला. पाय पोटऱ्यांपर्यंत काळ्या मातीनं माखले होते, आणि म्हाताऱ्या गृहस्थांनी जपलेली आतली चटई स्वच्छ होती.

"पाय धुऊन येतो नाल्यावर—"

"बस ना," वर्षाली म्हणाली. "वावराची गाडी हाये आता ही."