अंगावरचा टाका

चिक्कपेटच्या मागच्या गल्लीत आमच्या नागराज अण्णाचं टेलरिंगचं दुकान आहे, ठाऊक आहे ना? हसू नका रे. रम्या, दार तेवढं लावून घे. हे त्यानेच मला सांगितलं, आणि अण्णाला खोटं बोलता आलं असतं तर त्याने केव्हाच दोन मजले चढवले असते.

गेल्या वर्षीची तेवीस एप्रिल, बुधवार. महादेवपुऱ्यात कंपनीत काम करणारी एमा नावाची एक ऑस्ट्रेलियन बाई लोकरीचा जुना लष्करी कोट दुरुस्तीला देऊन गेली होती. तिच्या पणजोबाचा, अल्बर्टचा. साधा शिपाई होता बिचारा. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात लढला, जिवंत घरी आला, तर लगेच न्यू गिनीच्या जंगलात धाडला. तिथल्या उकाड्यात लोकरीचा कोट कशाला? बायकोला म्हणाला, "राहू दे, आल्यावर घालीन." आलाच नाही. प्रेतसुद्धा सापडलं नाही.

पंचवीस तारखेच्या पहाटे त्यांच्याकडे युद्धात गेलेल्यांची आठवण जागवतात. तेव्हा हा कोट एमाच्या भावाने घालायचा होता. भाऊ अजून विमानात, मापं तेवढी फोनवर आलेली. अंगकाठी नेमकी वेणुगोपालची. वेणू म्हणजे अण्णाचा एकुलता एक मुलगा. आई नाही. सैन्यात निवड झालेली, सोमवारी निघायचं होतं. अण्णाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

रात्री साडेआठला अण्णाने शटर अर्धं ओढलं आणि हाक मारली, "वेणू, स्वल्प इकडे ये. ट्रायल बघू."

कोट चपखल बसला. फक्त काखेत शिवण उसवलेली. आता, आम्ही शिंपी अंगावरच्या कपड्याला टाका घालत नाही. अंगावर शिवतात ते फक्त मेलेल्याचं, असं आमचे म्हातारे सांगायचे. अगदीच वेळ आली, तर कपडा ज्याच्या अंगावर आहे त्याने दातांत दोरा धरायचा. अण्णाला हे काय माहीत नव्हतं? पण कोट सकाळी द्यायचा होता आणि डोक्यात सोमवार होता. दोरा द्यायचा राहिला. अण्णाने एक टाका घातला.

लाइट गेली.

"वेणू, टॉर्च लाव."

अंधार तसाच.

अण्णाने त्याचा हात चाचपला. बाही ओली. नुसती ओली नाही, निथळत होती. कुजलेल्या पाल्याचा वास... एप्रिलात, चिक्कपेटमध्ये.

"वेणू...?"

शटरबाहेर बूट वाजले. मग आत वाजले. शटर हललं नव्हतं.

अण्णाच्या पाठीमागे कुणीतरी टेप ओढली. कटिंगच्या टेबलावर खडू फिरू लागला. खर्र... थांबला. परत खर्र...

अण्णाने वेणूला घट्ट मिठी मारली. "कोट तुमचा आहे, साहेब... न्या. पोरगा माझा आहे."

...

खडू थांबला.

लाइट आली. वेणू डोळे चोळत म्हणाला, "काय झालं अप्पा? केवढं आवळलंय!" कोट कोरडा होता. दुसऱ्या दिवशी एमा खूश होऊन घेऊन गेली.

टेबलावर मात्र मापं लिहिलेली होती. इंग्रजी आकडे, जुन्या वळणाचे. छाती, खांदा, बाही. अण्णाने वेणूला टेप लावून पाहिली. पाव इंचाचा फरक नाही. आणि खाली, कपडा न्यायला यायची तारीख आम्ही जिथे घालतो, तिथे पुढची एक तारीख. कोणती, ते अण्णा सांगत नाही.

अण्णाने ओलं फडकं मारलं. घासलं. जात नाही. त्याने वर जाड चादर अंथरली आहे आणि ती कुणाला उचलू देत नाही. मलाही नाही.

वेणू आता सीमेवर असतो. परवा मी दुकानात बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. "अप्पा, रजा मंजूर झाली. पंधरा जुलैला येतो."

अण्णा चादरीकडे बघत राहिला.

"बाळा... त्याच्या आधी नाही का जमणार?"