कानाशी लाव

दार जरा लोटून घ्या, वारा बोचतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ज्याच्यावर हे बेतलं तो सुमंत कुकडे त्रिमूर्तीनगरात अजून राहतो, खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

मागच्या वर्षी भोगीच्या रात्री सुमंत स्कूटर काढून वाडीला निघाला. तिथल्या ओळखीच्या मनोहररावांची तेरवी होती. जेवणं दुपारीच उरकली असणार, पाहुणे पांगले असणार, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तर तो रात्री निघाला.

सुमंतला जुन्या विजेच्या घड्याळांचा नाद. किल्लीची नव्हेत, आजची क्वार्ट्झचीही नव्हेत. मधल्या काळात थोडी वर्षं निघाली ती. त्यातही नादकाट्याच्या मनगटी घड्याळावर त्याचा फार जीव. त्याच्या पोटात चिमुकला नादकाटा असतो, शाळेत ठोकून कानाशी धरतात तसला. सेलवर तो थरथरत राहतो. त्यामुळे ते घड्याळ टिकटिकत नाही, गुणगुणतं. सुमंतच्या कपाटात सगळं होतं, तेवढं नव्हतं. ते होतं मनोहररावांकडे. ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रकांच्या घरघरीत जन्म काढलेला माणूस. रात्री घड्याळ उशीवर ठेवायचे, त्यावर कान टेकवायचे, तेव्हा कुठे डोळा लागायचा.

दिवाळीनंतर ते अंथरुणाला खिळले आणि घड्याळही बंद पडलं. त्यांनी ते सुमंतच्या हाती दिलं. "तूच पाह्य गा. दुसऱ्याले नाही द्यायचं मले."

सुमंतनं घरी नेऊन जुगाड करून नवा सेल बसवला. लगेच गुणगुणायला लागलं. बाकी काहीच बिघडलेलं नव्हतं. पण मनोहररावांचा फोन आला तेव्हा त्याच्या तोंडातून निघालं, "आतली तार तुटली काकाजी. केसाहून बारीक असते. बघतो."

म्हातारा आता फार दिवसांचा सोबती नाही, हे त्याला ठाऊक होतं.

फोन येत राहिले. "झालं काय गा, सुमंत? झोप येऊन नाही राहिली मले." पुढे त्यानं उचलणंच सोडलं. नाव दिसलं की फोन पालथा घालायचा. आणि रात्री दार लावून तेच घड्याळ काढायचा, कानाशी धरून बसायचा.

भोगीच्या रात्री ते त्याच्या खिशात होतं. देऊन टाकावं, असं अर्धंमुर्धं मनात होतं.

घरात मनोहररावांच्या बायको, सिंधूताई, एकट्याच होत्या. त्यांनी चहा टाकला. "तुमी लय धावपळ केली भाऊ त्याईच्या घड्याळासाठी. शेवटच्या रात्री उशीखाली हात घालून घालून शोधून राहिले होते. म्हणे, सुमंत आणते." त्यांनी डोळे पुसले. "आता बंद तर बंद, तुमच्याजवळच राहू द्या. त्याईची आठवण."

सुमंतच्या छातीशी, खिशात, ते गुणगुणत होतं.

चहा कसाबसा संपवला आणि उठला.

अमरावती रोडला लागायच्या आधी गोदामांची ओळ आहे. शटरं पडलेली. तिथे त्याचा फोन वाजला. नाव आलं, मनोहरराव काकाजी.

सिंधूताई असतील. त्यानं स्कूटर बाजूला घेतली, खाली उतरला.

"बोला काकू."

नुसता श्वास. म्हाताऱ्या छातीतला, अडखळत येणारा.

"काकू?"

"...झालं काय गा?"

फोन पालथा घालायला इथे टेबल नव्हतं.

"झालं," तो म्हणाला. "झालं होतं... तेव्हाच झालं होतं, काकाजी."

"मंग कानाशी लाव."

फोन बंद झाला.

त्यानं घड्याळ काढलं. तळहातावर ठेवलं. हात अंधारात पुढे केला. काहून केला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

काही झालं नाही.

मग... हात जड झाला.

हळूहळू. उशीवर डोकं टेकतं तसा. थंडगार. दाढीचे खुंट मनगटाला घासले.

वळणावरून ट्रक आला. उजेड हातावर पडला. कुणी नव्हतं.

वजन होतं.

ट्रक गेला. पुन्हा अंधार. माफ करा म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? तो नुसता उभा राहिला. खांदा ठणकला. बोटं बधिर झाली. हात खाली घेतला नाही. श्वास लांब झाला... संथ झाला... आणि कुणीतरी अगदी जवळ घोरू लागलं.

कधी थांबलं, कळलं नाही. हात हलका झाला तेव्हा कोंबडे आरवत होते.

तो घरी गेलाच नाही. तसाच वाडीला परतला. सिंधूताई अंगणात सडा टाकत होत्या.

"तार तुटली नव्हती काकू. मी खोटं बोललो. घड्याळ चालू होतं... सगळे दिवस चालू होतं."

सिंधूताईंनी बादली खाली ठेवली. घड्याळ घेतलं. वळणार, तोच थबकल्या. त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला.

झोपून उठल्यावर गालावर वळ असतात ना, तसा तळहातावर वळ होता. लाल, खोल. घड्याळाच्या गोल खुणेभोवती एका कानाचा ठसा. वरची घडी. लांब पाळी. पाळीत लहानपणी टोचलेलं भोक.

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

असले वळ तासाभरात जातात, पोरांनो. तो अजून गेलेला नाही.